स्क्रीन रीडर मराठी पीडीएफपाशी अडतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

विद्यापीठात शिकणारे दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थी माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा घेऊन येतात ती तक्रार एकच: "इंग्रजी सगळं नीट वाचतो, मराठी नोट्स उघडल्या की घोळ." तोवर बहुतेकांनी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा बसवलेला असतो, कुणी तर विंडोजही नव्याने टाकलेलं असतं. या मेहनतीची गरज क्वचितच असते. दोष बहुतेक वेळा संगणकात नसून फाइलमध्ये असतो, आणि ते पाच मिनिटांत कळू शकतं.

मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर धरून लिहितो आहे, कारण तो मोफत आहे आणि आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर तोच जास्त दिसतो. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे. "एनव्हीडीए बटण" म्हणजे तुमच्या सेटिंगप्रमाणे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक.

लक्षणं

तुमचं लक्षण यांपैकी कोणतं ते आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

- फाइलचं नाव ऐकू येतं, मग शांतता. खालचा बाण दाबला की "ब्लँक".
- मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. "मराठी" या शब्दाऐवजी "ई जे के बी एच" असं काहीतरी.
- शब्द मराठीच आहेत, पण मोडलेले. वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार गायब, जोडाक्षराच्या जागी नुसती पोकळी. "विद्यार्थी"चं "िव ाथ" होतं.
- इंग्रजी ओळ व्यवस्थित, मराठी ओळ आली की आवाज ती वगळून पुढे जातो.
- सगळीकडे "क्वेश्चन, क्वेश्चन, क्वेश्चन".
- शब्द बरोबर, पण ओळींचा क्रम चुकलेला. डाव्या रकान्याचं अर्धं वाक्य आणि लगेच उजव्या रकान्याचं अर्धं.
- कोणत्याच प्रोग्रॅममध्ये आवाज नाही.

पहिली तपासणी: दोन ओळींची फाइल

विंडोज बटण आणि आर दाबा, नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. एक ओळ इंग्रजीत लिहा, दुसरी मराठीत. मराठी कीबोर्ड नसेल तर मोबाइलवरून स्वतःलाच मराठीत संदेश पाठवा आणि तो इथे चिकटवा. आता दोन्ही ओळी वाचून पाहा.

दोन्ही वाचल्या गेल्या तर तुमचा स्क्रीन रीडर ठणठणीत आहे. त्याच्या सेटिंगला हात लावू नका, थेट "फाइल ओळखणं" या भागाकडे जा. इंग्रजी वाचली आणि मराठी नाही, तर प्रश्न मजकूर उच्चारणाऱ्या आवाजाचा (व्हॉइसचा) आहे. एकही वाचली नाही तर प्रश्न ध्वनीचा किंवा स्क्रीन रीडरचा. ही तपासणी मी कधीच वगळत नाही, कारण ती संगणक आणि फाइल यांना वेगळं करते. ते वेगळे झाल्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजाने केलेली असते.

ही फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत, जिच्यात मराठी टिकते) सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवा, पुन्हा पुन्हा लागेल. एन्सी ही जुनी पद्धत निवडून सेव्ह केली तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत. वरच्या यादीतलं "क्वेश्चन, क्वेश्चन" हे लक्षण बहुतेक वेळा असंच तयार झालेलं असतं. अशा फाइलवर वेळ घालवू नका, पाठवणाऱ्याकडून नवी मागवा.

आवाजच येत नसेल तर

एनव्हीडीए बटण आणि एस हे दोन्ही चुकून दाबले जातात आणि बोलण्याचा प्रकार बदलतो: बोलणं, मागितलं तरच बोलणं, नुसती बीप, पूर्ण बंद. तेच पुन्हा पुन्हा दाबून पाहा. जॉजमध्ये इन्सर्ट आणि स्पेस दाबून सोडा, मग एस.

फक्त एकाच प्रोग्रॅममध्ये शांतता असेल तर स्लीप मोडचा संशय घ्या. त्यासाठी एनव्हीडीएच्या डेस्कटॉप कीबोर्ड मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस आहे. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि झेड. पीडीएफ वाचताना हे बटण लागलं तर त्या पीडीएफ प्रोग्रॅमपुरताच एनव्हीडीए झोपतो आणि बाकी सगळीकडे बोलतो. त्यामुळे पीडीएफ खराब आहे अशी पक्की समजूत होते.

नंतर ध्वनी कुठे जातो ते पाहा. ब्लूटूथ हेडफोन बॅगेत चालूच राहिला असेल तर सगळं बोलणं तिकडे जात असतं. हेही ठीक असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करा. तरीही शांत असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर हा विंडोजमधलाच स्क्रीन रीडर चालू करा. नॅरेटर बोलला तर स्पीकर चांगले आहेत, दोष एनव्हीडीएत आहे. शिवाय नॅरेटरच्या आधाराने तुम्ही एनव्हीडीएचं सेटिंग स्वतः दुरुस्त करू शकता, डोळस माणसाची वाट पाहावी लागत नाही. नॅरेटरही गप्प असेल तर पुढचं वाचू नका, शेवटच्या भागाकडे जा.

जॉजचा परवाना चालू नसेल तर तो दर वेळी ४० मिनिटंच चालतो आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. "मध्येच बंद पडतो" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

मराठी ओळ वगळली जात असेल तर

स्क्रीन रीडर स्वतः उच्चार करत नाही. तो मजकूर एका आवाजाकडे सोपवतो, आणि तो आवाज फक्त इंग्रजीचा असेल तर देवनागरीपाशी गप्प बसतो. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस दाबून आवाजाचं इंजिन बदला. ई-स्पीक एनजी निवडा, ते एनव्हीडीएसोबतच येतं. मग एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजांच्या यादीत मराठी शोधा. ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे, कानाला सवय व्हायला वेळ लागतो. पण तो वेगात स्पष्ट राहतो आणि इंटरनेट लागत नाही. तो अगदीच नको वाटला तर विंडोजच्या भाषा सेटिंगमधून हिंदी आवाज उतरवून घ्या. देवनागरी तो वाचतो, उच्चारांत हिंदीपणा येतो.

आपोआप भाषा बदलण्याचं सेटिंग चालू असूनही मराठी वगळली जाते, याने अनेकजण गोंधळतात. ते सेटिंग फाइलमध्ये लिहिलेल्या भाषेच्या खुणेवर चालतं. वर्डमध्ये मराठी मजकुराला इंग्रजी भाषा लावलेली असेल किंवा पीडीएफमध्ये खूणच नसेल, तर स्क्रीन रीडरला भाषा बदलल्याचं कळणार कसं? म्हणून मी खुणेवर विसंबत नाही. एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून "मराठी अभ्यास" नावाचं वेगळं प्रोफाइल बनवा, त्याला मराठी आवाज आणि तुम्हाला झेपेल तो वेग द्या. एका शॉर्टकटने ते चालू-बंद करता येतं. झालं की एनव्हीडीए, कंट्रोल आणि सी दाबून सेटिंग सेव्ह करा.

फाइल ओळखणं

खरं काम इथे आहे. आधी दोन साध्या गोष्टी.

ॲक्रोबॅट रीडरमध्ये मोठी पीडीएफ उघडल्यावर ती वाचनासाठी तयार होत असते. त्या वेळात बाण दाबले तर काहीच ऐकू येत नाही, आणि घाईत फाइल बंद केली जाते. थोडं थांबा. टॅग, म्हणजे शीर्षकं, परिच्छेद आणि वाचनक्रम सांगणाऱ्या आतल्या खुणा, नसलेली फाइल असेल तर रीडर वाचनक्रम विचारणारी खिडकी दाखवतो. त्यात क्रम फाइलवरून ठरवण्याचा पर्याय ठेवा. रकान्यांचा गोंधळ झाला तर तीच खिडकी पुन्हा उघडून दुसरा क्रम करून पाहा. त्याच फाइलला एकदा ब्राउझरमध्ये उघडून पाहणंही फुकटच आहे.

आता कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल आणि सी दाबून मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच चिकटलं नाही तर दोन शक्यता. कंट्रोल आणि डी दाबून फाइलची माहिती उघडा आणि सिक्युरिटी या भागात मजकूर कॉपी करण्याची परवानगी पाहा; ती नाकारलेली असेल तर पाठवणाऱ्याकडून खुली फाइल मागा. परवानगी असूनही काही चिकटत नसेल तर ते पान म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे. त्यात अक्षरं नाहीतच, अक्षरांचं चित्र आहे. कोणत्याही आवाजाने किंवा सेटिंगने ते वाचलं जाणार नाही.

काहीतरी चिकटलं पण निरर्थक असेल तर एका अक्षरावर जाऊन अंकपॅडचा २ तीनदा भराभर दाबा. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि पूर्णविराम. एनव्हीडीए त्या अक्षराचा क्रमांक सांगेल. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत; "म" हा २३५०. ऐकू आलेला क्रमांक त्या पट्ट्यातला नसून १०१, १०६, १०७ असा लहान असेल तर फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. ही तपासणी कुणाच्याही डोळ्यांची मदत न घेता होते, म्हणून मी ती प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतो.

जुना फॉन्ट म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यायला हवं. युनिकोड सर्वत्र वापरात येण्याआधी मराठी टंकलेखन आणि डीटीपीसाठी कृतीदेव, शिवाजी, श्री-लिपी, सीडॅकचे डीव्हीबी असे फॉन्ट वापरले जात. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. कृतीदेवमध्ये छोट्या ई-च्या जागी "म" दिसतो, जे-च्या जागी "र", के-च्या जागी काना, मोठ्या बी-च्या जागी "ठ", एच-च्या जागी दुसरी वेलांटी. डोळ्यांना "मराठी" दिसतं, फाइलमध्ये मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, अक्षराचा क्रमांक वाचतो. तेव्हा तो चुकत नाही, फाइलमध्ये जे आहे तेच प्रामाणिकपणे सांगतो. आजही कित्येक प्रश्नपत्रिका, जुन्या नोट्स आणि छापखान्यातून आलेली पुस्तकं याच फॉन्टमध्ये असतात, आणि डोळस शिक्षकांना त्यात काही बिघडलं आहे हे जाणवण्याचं कारणच नसतं.

फॉन्टचं नाव हवं असेल तर काही पानं चाळून पुन्हा कंट्रोल आणि डी, तिथे फॉन्ट्स हा भाग. नाव लिहून ठेवा, पुढे लागेल. पानं आधी चाळायची कारण रीडर उघडलेल्या पानांपुरतेच फॉन्ट दाखवतो.

क्रमांक देवनागरीचे पण शब्द मोडलेले, हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मूळ फाइल युनिकोडमध्येच होती, पण पीडीएफ बनवताना जोडाक्षरं आणि रफार यांचे आकार नुसते चित्रासारखे ठेवले गेले, त्यांचा मूळ अक्षरांशी असलेला संबंध तुटला. अशी पीडीएफ दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. गेलेली माहिती तिच्यात नसतेच.

मूळ फाइल मागा

तिन्ही प्रकारांवर सर्वांत स्वस्त उपाय एकच आहे आणि विद्यार्थी तोच सर्वांत शेवटी करतात, संकोचामुळे. ज्या वर्ड फाइलपासून पीडीएफ झाली ती मागा. संदेश असा पाठवता येईल:

"सर, आपण पाठवलेली पीडीएफ माझ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कारण तिच्यात युनिकोड मराठी मजकूर नाही. ती ज्या वर्ड फाइलपासून बनवली, ती मूळ फाइल पाठवाल का? पुन्हा पीडीएफच पाठवायची असेल तर कृपया प्रिंट टू पीडीएफ न करता वर्डमधून सेव्ह ॲज पीडीएफ करावं, म्हणजे शीर्षकं आणि तक्त्यांच्या खुणा टिकतात."

कारण नेमकं लिहा. "वाचता येत नाही" एवढंच लिहिलं तर समोरचा तीच फाइल पुन्हा पाठवतो. यात उपकार मागण्यासारखं काही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात असावा यासाठी सरकारने उपाय करावेत असं म्हटलं आहे. विभागातून वारंवार अशाच फाइल येत असतील तर महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे एकदा लेखी द्या, म्हणजे प्रत्येक विषयाच्या शिक्षकांशी वेगळं बोलावं लागणार नाही.

फॉन्टचं रूपांतर

मूळ फाइल मिळाली पण तीही जुन्या फॉन्टमध्ये आहे, किंवा मिळालीच नाही, तेव्हा रूपांतरक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, वापरा. प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा असतो. कृतीदेवचा रूपांतरक श्री-लिपीच्या मजकुराला लावला तर एका निरर्थक मजकुराचा दुसरा निरर्थक मजकूर होतो. फॉन्टचं नाव लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

आधी एकच परिच्छेद करून ऐका. पहिली वेलांटी योग्य अक्षरावर आहे का, "वर्ग", "अर्थ", "कार्य" यांतला रफार जागेवर आहे का, हे तपासा. मजकुरातले खरे इंग्रजी शब्द आणि संदर्भसूची यांचंही रूपांतर होऊन बसतं; तेवढा भाग मूळ फाइलमधून तसाच घ्या. पीडीएफपेक्षा वर्ड फाइलवरून रूपांतर अधिक स्वच्छ होतं, कारण कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते वर्डमध्ये टिकून असतं.

ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं काढणं

हा मार्ग छायाचित्र असलेल्या पानांसाठी. मोडलेल्या पीडीएफसाठीही चालतो, कारण दिसायला ती बरोबर असते.

एनव्हीडीए आणि आर दाबून जे ओसीआर होतं ते विंडोजचं आहे. मराठी पानासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. गुगल ड्राइव्हमध्ये फाइल चढवून ती गुगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर मिळतो. फाइल मोठी असेल तर आधी तुकडे करा. इंटरनेटशिवाय काम करायचं असेल तर टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठी आहे, पण ते बसवायला थोडी जाणकार मदत लागते. स्कॅन ३०० डीपीआयचं, पान सरळ आणि एका वेळी एकच असावं. मोबाइलवर तिरक्या काढलेल्या जोडपानांमधून चांगला मजकूर निघत नाही.

ओसीआर झालेल्या मजकुरावर किती विश्वास ठेवायचा? गोषवारा समजण्यापुरता. "ख"चा "रव", "घ"चा "ध", "थ"चा "य" होतो, अनुस्वार गळतात. शब्द संदर्भाने ओळखता येतात, आकडे नाही. सनावळी, टक्केवारी, कलमांचे क्रमांक आणि सूत्रं कुणाकडून तरी मूळ पानाशी ताडून घ्या.

पूर्ण पुस्तक स्कॅन करायला घेण्याआधी ते सुगम्य पुस्तकालयात आहे का ते पाहा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचं हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, सदस्यत्वासाठी प्रमाणपत्र लागतं. पुस्तक तिथे नसेल आणि स्वतःच्या अभ्यासासाठी सुलभ प्रत बनवायची असेल तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने त्याला मुभा दिली आहे. झेरॉक्सवाला किंवा ग्रंथालयातला कर्मचारी अडवत असेल तर कलम ५२ मधली ही तरतूद दाखवा.

इथे थांबा आणि मदत बोलवा

नॅरेटरसह कोणताच आवाज येत नाही आणि हेडफोन बदलूनही तेच: हा ध्वनीचा ड्रायव्हर किंवा यंत्राचा बिघाड आहे, संगणक दुरुस्त करणाऱ्याचं काम. लॅपटॉप देण्याआधी एनव्हीडीएच्या सेटिंगची आणि अभ्यासाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, जॉज असेल तर परवान्याचे तपशील वेगळे जपून ठेवा. विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही आणि परत देताना स्क्रीन रीडर चालू ठेवायचा, हे स्पष्ट सांगा. पडदा काळा दिसतो अशी त्यांची तक्रार आली तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस्केप दाबून स्क्रीन कर्टन (पडदा मुद्दाम काळा ठेवणारी एनव्हीडीएची सोय) बंद करा. चांगला पडदा बदलण्याचा सल्ला यामुळे दिला गेलेला मी पाहिला आहे.

एनव्हीडीए वारंवार बंद पडत असेल तर एनव्हीडीए आणि क्यू दाबून, ॲड-ऑन (वरून बसवलेल्या जोडण्या) बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय निवडा. तरीही पडत असेल तर टूल्समधून लॉग सेव्ह करून जाणकाराला पाठवा. विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, म्हणजे रजिस्ट्रीत, बदल करू नका. प्रयोगशाळेच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड लागला की तिथेच थांबा आणि प्रयोगशाळा सहायकाला सांगा.

गणित, रसायनशास्त्राची सूत्रं, आकृत्या, संगीताची स्वरलिपी असलेली पानं ओसीआरने सोडवायचा प्रयत्न नको. त्यांना विषय जाणणारा माणूसच लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मागणी नोंदवा.

परीक्षेला आठवडा उरला असेल तर नवं इंजिन, नवी आवृत्ती, नवं ॲड-ऑन काहीही बसवू नका. जेवढं वाचलं जातं तेवढ्यावर अभ्यास चालू ठेवा, राहिलेल्या प्रकरणांसाठी वाचक किंवा ध्वनिमुद्रण मागा. परीक्षा संगणकावर द्यायची असेल तर त्याच संगणकावर, त्याच मराठी आवाजात, नमुना प्रश्नपत्रिका आधी उघडून पाहायची लेखी विनंती परीक्षा विभागाला करा.

कोणालाही मदतीसाठी बोलवाल तेव्हा या गोष्टी एका कागदावर किंवा संदेशात तयार ठेवा: दोन ओळींच्या फाइलचा निकाल, ऐकू आलेला अक्षराचा क्रमांक, फॉन्टचं नाव, स्क्रीन रीडरची आवृत्ती, आणि ज्या पानावर अडतं त्या पानाचा क्रमांक.